दोन विहिणी आणि एक शेगडी

"मम्मींना स्वयंपाकघरातलं सगळं कळतं, आई. त्यांना बरोबर घेतल्याशिवाय शेगडी घ्यायचीच नाही, असं ठरवलंय आम्ही!"

मुलगा घास चावता चावता सहज बोलून गेला, आणि भाजी वाढायला पुढे झालेला मालकीणबाईंचा हात डावासकट तिथेच थबकला... मम्मी! सासूला मम्मी! आणि जिने जन्म दिला, जिच्या हातचं खाऊन हा एवढा मोठा झाला, तिला काहीच कळत नाही होय?

शेजारीपाजारी त्यांना मालकीणबाई म्हणत ते चेष्टेने, चालण्याबोलण्यातल्या ताठ्यावरून. पण त्यांनी ते नाव केव्हाच खरं मानून टाकलं होतं. शाळेत त्या जेमतेम गेल्या. नवरा लवकर गेला. मालकी म्हणून त्यांच्याकडे काय होतं, तर एक ओटा, त्यावरची जुनी शेगडी आणि घरातल्या प्रत्येकाची भूक. तेवढं राज्य त्यांनी कुणाला हात लावू न देता राखलं होतं.

आणि आता त्या राज्याला आतून वाळवी लागली होती... त्यांचे डोळे! वर्षभरात नजरेसमोर असं काही धुकं दाटलं होतं, की माणसं ओळखू यायची ती आवाजावरून आणि चालीवरून. गॅसची निळी ज्योत तर दिसेनाशीच झाली होती. पण मालकीणबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. ज्योत मोठी असली की कशी फुरफुरते, बारीक झाली की कशी कुजबुजते, ते ऐकून त्या स्वयंपाक उरकत. कुणाला कळलं तर? 'आई, आता बसा आरामात' म्हणून खुर्चीत बसवतील... आणि खुर्चीतल्या बाईला मालकीण कोण म्हणतं?

त्यात ती सून! शांत, गोड, पाय न वाजवणारी. मालकीणबाईंची पाठ वळली, की ही मांजरीसारखी येऊन गॅसचं बटण फिरवून जायची. त्यांना ऐकू येत होतं सगळं. 'माझ्या ओट्यावर डोळा आहे हिचा,' हा काटा त्यांच्या अंतःकरणात कधीचा रुतला होता. आता स्वतःच्या आईलाही इथे आणून बसवणार म्हणजे! नाहीतर एवढी महागडी नवी शेगडी काय उगाच घेतात लोक?

"मीही येणार," त्या म्हणाल्या. "पैसे तुमचे, पण ओटा माझा आहे."

दुकान कसलं, महालच होता. फरशी एवढी गुळगुळीत, की मालकीणबाई जपून पाऊल टाकत होत्या आणि तो ताठा आहे असं भासवत होत्या. विहीणबाई आधीच येऊन बसल्या होत्या. कारखान्याचं कॅन्टीन त्यांनी वर्षानुवर्षं चालवलेलं. आवाज खणखणीत, हसणं मोकळं.

"या विहीणबाई! तब्येत काय म्हणते?"

"तब्येत काय म्हणणार? तुमच्यासारखं तिचे लाड करत बसायला वेळ कुठे असतो मला!"

विहीणबाई नुसत्या हसल्या. तेही मालकीणबाईंना बोचलं. टोमणा मारावा आणि समोरच्याला लागू नये, याच्याएवढा अपमान दुसरा नाही!

मुलाला एकच शेगडी पसंत पडली होती. वरून सबंध काळी काच, बटण म्हणून नाहीच. बोट टेकवलं की पेटायची. "बघा मम्मी, किती देखणी आहे! पुसायलाही सोपी."

"देखणी आहे खरी," विहीणबाई म्हणाल्या. "पण जावईबापू, बायकोला विचारा की."

सून मात्र दूर कोपऱ्यात, एका पोलादी धुडापुढे उभी होती. त्यावर बिडाच्या जाड जाळ्या, खाली ओव्हनची भट्टी, आणि पुढे मुठीएवढी मोठी बटणं. ती एकेक बटण फिरवत होती, खट्... खट्... खट्...

"अगं, डोळे मिटून काय करतेस?" विहीणबाईंनी लांबूनच विचारलं. "झोप लागली का उभ्याउभ्या?"

"काही नाही गं," सून म्हणाली, आणि दुकानदाराकडे वळली. "प्रत्येक खटक्याला आच ठरलेलीच राहते ना? शेवटच्या खटक्याला अगदी बारीक?"

"हो ताई. हाताला लगेच कळतं."

नखरे! मालकीणबाईंनी ओठ आवळले. आईच्या हातांना कॅन्टीनच्या मोठ्या बटणांची सवय, म्हणून लेकीची ही धडपड! मत्सराने त्या जळत होत्या. आपल्या सोयीचा विचार असा कुणी, कधी तरी केला होता का?

"हे धूड?" मुलगा चिडला. "काचेची सोडून हे? घर आहे की खाणावळ?"

"मला हेच हवंय."

"अगं पण का? काही कारण?"

"आवडलं म्हणून."

"एवढे पैसे टाकायचे आणि कारण काय, तर आवडलं! मम्मी, तुम्हीच सांगा हिला."

"मी कशाला मधे पडू?" विहीणबाई म्हणाल्या. "माझं घर मला सुटत नाही, मी काही तुमच्याकडे राहायला यायची नाही. जिला रांधायचंय तिनं ठरवावं."

मालकीणबाई चपापल्या. ही राहायला येणार नाही? मग एवढी मोठी बटणं कुणासाठी?

सुनेने मान खाली घातली होती. दुकानदाराला तिने आणखी एक विचारलं, अगदी हळू... पण मालकीणबाईंच्या तिखट कानांना ते पोचलंच. "दूध उतू जाऊन ज्योत विझली, तर गॅस आपोआप बंद होतो ना?"

मालकीणबाईंच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. मागे एकदा दूध उतू गेलं होतं ते त्यांच्याच हातून! ज्योत विझली, गॅस सुटलेला, आणि दुधाच्या करपट वासात त्यांना पत्ताच लागला नव्हता. तेव्हा सून धावत आली होती. 'बाई, काय उकडतंय' म्हणत तिने सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या, आणि एक अवाक्षर न काढता निघून गेली होती... म्हणजे हिला ठाऊक आहे! कधीपासून ठाऊक आहे! ते मांजरीसारखं येणं, ते बटण फिरवणं... आपण तिला चोर समजलो, आणि ही वेडी पोर आपली अब्रू राखत होती!

"सगळ्यांसमोर शोभा करतेस," मुलाचा आवाज चढला होता. "बोल ना आता! तोंड शिवलंय का?"

सुनेच्या गालावरून आसवं ओघळत होती, तरी ती बोलली नाही. एक शब्द बोलली असती तर सुटली असती! तो शब्द तिने आपल्यासाठी गिळला, हे मालकीणबाईंना कळलं. दुकानभर माणसं. समोर विहीणबाई. ज्या बाईपुढे नाक वर ठेवण्यासाठी जन्म काढला असता, तिच्याचपुढे...

"तिला बोलू नकोस!" मालकीणबाई कडाडल्या, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा आवाज फाटला. "मला दिसत नाही रे... मला ज्योत दिसत नाही! माझ्यासाठी घेतेय ती, माझ्या या आंधळ्या हातांसाठी!"

विहीणबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"आई!" मुलगा हादरला. "आणि तू स्वयंपाक करतेस? बस्स झालं! आजपासून तू ओट्यापाशी फिरकायचं नाहीस!"

झालं! ज्याची धास्ती घेतली होती तेच! मालकीणबाईंनी डोळे मिटले... पण तेवढ्यात सुनेचा आवाज आला, आजवर कधी न ऐकलेला.

"मग शेगडी नकोच. चला घरी! त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आपण उद्याच नेऊ. पण ओटा काढून घेतला तर त्या जगतील का? मी असते ना त्यांच्याजवळ. दोघी मिळून करू."

मालकीणबाई चाचपडत पुढे गेल्या आणि सुनेचा चेहरा त्यांनी ओंजळीत घेतला. "सोसलंस गं... एवढं सोसलंस, आणि मी मनात तुला काय काय बोलत होते!"

"मनात कुठे, आई? तोंडावरच बोलत होता की."

रडता रडता दोघींना हसू फुटलं. मुलगा खाली मान घालून दुकानदाराला म्हणाला, "हीच द्या."

विहीणबाई पदराने डोळे टिपत होत्या. मालकीणबाई त्यांच्याकडे वळल्या. मत्सर अजून गेला नव्हता. उलट आता तो काळीज पिळवटून निघेल इतका दाटला होता.

"विहीणबाई, खरं सांगू? हेवा वाटतो तुमचा. ही पोर माझ्या पोटी यायला हवी होती."

"माझा हेवा?" विहीणबाई नाक ओढत म्हणाल्या. "रोज फोन करते, आणि आईंनी हे केलं, आई असं म्हणाल्या, यापलीकडे विषय नाही! मी जेवले का, हे विचारायलाही सवड नसते तिला. जळून जळून अर्धी झालेय मी!"

मालकीणबाईंनी सुनेचा हात काखेत घट्ट धरला, मान ताठ केली आणि म्हणाल्या, "जळा, जळा. आता तर आणखी जळाल."