मुद्दाम आपटलेली गाडी

पहिल्यांदा तो आला तो गाडी ढकलत. अंगावर हवालदाराची वर्दी, डोक्यावर वाकडी टोपी, आणि मागे पाऊस असा की रस्त्याचं नामोनिशाण दिसेना. गॅरेजच्या दारात थांबून त्यानं हाक दिली, "आहे का कोणी?"

"आहे, पण जेवतेय," आतून उत्तर आलं.

"मग जेवा सावकाश. मी इथेच भिजत उभा राहतो… सरकारी माणूस आहे, उभं राहायची सवय आहे."

तिला हसू आलं आणि घास घशातच अडकला. कारण ती खरोखरच जेवत होती. आपल्या खोलीत, मांडीवर ताट घेऊन, कानाला हेडफोन लावून. पाऊस, गॅरेज, हवालदार हे सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं. खिडकीबाहेर रविवारची दुपार कोरडी ठणठणीत पडली होती आणि दोरीवरचे कपडे केव्हाच वाळले होते.

असा एक खेळ होता. आता तो बंद पडलाय, पण जे तो खेळले त्यांना त्या गावातले रस्ते अजून स्वप्नात दिसतात. शे-दीडशे माणसं आपापल्या घरी बसून तिथे एक गाव चालवायची. कुणी डॉक्टर व्हायचं, कुणी टॅक्सीवाला, कुणी भुरटा चोर. जिंकणं-हरणं काही नाही, नुसतं नांदायचं. नियम मोजकेच होते, पण कडक. गावात असताना बाहेरचं अवाक्षर काढायचं नाही. खरं नाव नाही, पत्ता नाही, नोकरी नाही. आणि कारण नसताना गाडी आपटायची नाही, नाहीतर टवाळ पोरं येऊन गावाचा चेंदामेंदा करायची. यातला एक जरी नियम मोडला तरी गावाबाहेर, कायमचं.

ती तिथे गॅरेज चालवायची. सगळे तिला शेठाणी म्हणत. प्रत्यक्षात ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती, आणि तिथे तिला कोणी अहो-जाहोसुद्धा करत नव्हतं. मंदीच्या महिन्यात मालक पगार कापायचा. "गिऱ्हाईकच नाही तर पगार कसला?" म्हणायचा. ती दिवसभर काउंटरमागे उभी राहून त्याच त्या फ्रेमा पुसायची, दाराकडे डोळे लावायची, आणि हे काम नाही तर काय, असं ओठांवर आलेलं गिळून टाकायची. घरी आई म्हणायची, "बोलत का नाहीस? बोलायला काय जातं?" बोलायला नोकरी जाते, हे आईला कोण सांगणार.

म्हणून खेळातल्या गॅरेजमध्ये तिनं आपला कायदा केला. गाडी येवो न येवो, कामावर हजर असेल त्याला पगार. तिच्याकडे एकच कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणत. आवाजावरून साठीतले वाटायचे, आणि बोल्ट आवळताना जुनी गाणी गुणगुणायचे. तिचं म्हणणं साधं होतं. मामा स्टुलावर बसलेत म्हणून तर गिऱ्हाइकाला दार उघडं सापडतं.

अडचण अशी की गावाची रीत वेगळी होती. हवालदार, डॉक्टर, बंबवाले यांना गावाच्या तिजोरीतून पगार, चौकात जांभया देत उभे राहिले तरी. पण गॅरेज, बेकरी, टॅक्सी असल्या खेळाडूंनी स्वतः थाटलेल्या धंद्यांत मात्र जितकी विक्री तितकीच कमाई. गल्ला रिकामा झाला की शटर आपोआप खाली. मामांचा पगार देता यावा म्हणून शेठाणीनं खेळातलं आपलं घर विकलं होतं आणि ती गॅरेजच्या माळ्यावर राहत होती.

हे सगळं हवालदाराला त्या पहिल्याच दुपारी कळलं, कारण मामांच्या पोटात काही राहत नसे.

"म्हणजे मी चौकात उभा राहतो त्याचे पैसे," तो म्हणाला, "आणि मामा इथे बसतात त्याचे नाहीत?"

"तुम्ही उभे राहता ना. मामा बसतात. तुमचं काम कष्टाचं."

तो हसला. ते हसणं हेडफोनमधून थेट कानात आलं, अगदी जवळ. तिनं उगाचच केस सारखे केले, जसं काही त्याला दिसणार होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी पुन्हा दारात.

"आज काय झालं?"

"गाय आडवी आली."

"या गावात गाय नाहीये, हवालदारसाहेब."

"म्हणून तर दचकलो ना."

मग हे रोजचंच झालं. कधी खांब, कधी वळण, कधी "ब्रेक दाबणार तेवढ्यात तुमचा विचार… म्हणजे तुमच्या बिलाचा विचार आला." ती बॉनेट उघडायची, तो शेजारी उभा राहायचा. पडद्यावर दोन आकृत्या, एकीच्या हातात पाना, दुसऱ्याच्या हातात टोपी. खेळात नजरेला नजर देता येत नसे. पण तिनं मान वळवली की त्याचीही आकृती वळायची, जराशी उशिरा, आणि तेवढ्या उशिरात तिचा जीव खालीवर व्हायचा. चष्म्याच्या दुकानात ती हल्ली फ्रेमा पुसता पुसता स्वतःशीच हसायची. आईनं एकदा विचारलं, "कोणाशी गं एवढी बोलत असतेस?" "पोलिसाशी," ती म्हणाली, आणि आईच्या हातातला चहा सांडता सांडता राहिला.

ती काही दुधखुळी नव्हती. पोचा रोज एकाच जागी, डाव्या कोपऱ्यात, आणि पोच्यात रोज तोच पिवळा रंग. गावात पिवळी भिंत एकच, पोस्टाची. हा बाबा रोज नेमानं पोस्टाच्या भिंतीवर गाडी नेऊन आपटत होता आणि तिथून ढकलत तिच्याकडे येत होता. मुद्दाम गाडी आपटली तर हद्दपारी, हे हवालदाराला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिनं तो पिवळा रंग खरवडून काढला आणि मूग गिळून गप्प बसली. बोलली असती तर त्याचं येणं थांबलं असतं.

त्याच सुमारास तिनं गावच्या अध्यक्षाकडे अर्ज दिला होता. अध्यक्ष म्हणजे ज्यानं हा खेळ मांडला तो माणूस. सरळ होता, पण आकड्यांपलीकडे त्याला काही दिसत नसे. तिची मागणी एकच होती: खेळाडूंच्या धंद्यातही कामावर हजर असलेल्याला तिजोरीतून निदान अर्धा पगार मिळावा. अध्यक्ष म्हणाला होता, "तुमच्या गॅरेजचा धंदा महिनाभर बघतो. खरंच मंद असेल तर नियम बदलू." हे तिनं हवालदाराला सांगितलं नाही. मामांनाही नाही, त्यांचं कारण तर उघडच होतं. काम होण्याआधी बोललं की ते बारगळतं, असा तिचा आपला एक समज.

महिना संपला आणि चौकात सभा भरली. सगळं गाव गोळा झालं. बेकरीवाली ताई आली, टॅक्सीवाले आले, चोरसुद्धा एका कडेला शहाण्यासारखे उभे राहिले.

"शेठाणी," अध्यक्ष म्हणाला, "तुमचं गॅरेज म्हणजे गावातला सगळ्यात तेजीतला धंदा निघाला. गाडी आली नाही असा एक दिवस नाही. मग रिकाम्या वेळेच्या पगाराचा प्रश्न येतोच कुठे? अर्ज नामंजूर करावा लागेल."

कसली तेजी… ती एका माणसाची, एका गाडीची आणि एका पिवळ्या भिंतीची तेजी होती. एवढं एक वाक्य बोललं असतं तर अर्ज वाचला असता. मामांचा पगार, बेकरीवाल्या ताईचा, टॅक्सीवाल्यांचा. आणि हवालदार गावाबाहेर गेला असता. बोलायचं बटण तिच्या बोटाखालीच होतं. गर्दीत मामांची आकृती तिच्याकडे तोंड करून उभी होती. तिनं बटण दाबलं… आणि सोडलं. दुकानात ती गप्प बसायची ती भीतीपोटी. आज गप्प बसली ती त्याच्यापायी, आणि आपण त्याच्या प्रेमात पडलोय हे तिला तिथे, भरसभेत, स्वच्छ कळलं.

"काही म्हणायचंय, शेठाणी?"

"नाही," ती म्हणाली.

"मला म्हणायचंय."

हवालदार पुढे आला. टोपी हातात होती. "ती तेजी माझी आहे, साहेब. महिनाभर मी गाडी मुद्दाम आपटली, पोस्टाच्या भिंतीवर. गॅरेजचं शटर पडेल अशी भीती वाटली मला. अर्जाचं काही माहीत नव्हतं… करायला गेलो एक आणि झालं भलतंच. माझी गाडी वजा करा आणि मग आकडे बघा."

अध्यक्षानं वजा केली. जे उरलं ते इतकं थोडं होतं की त्याला वाचून दाखवायलाही संकोच वाटला.

"पण कायमचं बाहेर जावं लागेल, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं की. आधी गॅरेज चालावं म्हणून आपटत होतो. नंतर… नंतर गॅरेजचं नुसतं निमित्त. मला तिथे उभं राहायला आवडायचं, बॉनेटपाशी, शेठाणीच्या शेजारी. अजून पुष्कळ वर्षं आवडेल, असं वाटतं."

मामांचं गुणगुणणं थांबलं. अध्यक्षानं घसा खाकरला. उद्यापासून सगळ्या धंद्यांना तिजोरीतून अर्धा पगार, त्यानं जाहीर केलं. मग म्हणाला, "आणि हवालदार, नियम तो नियम. निरोप घ्या सगळ्यांचा."

इतके दिवस जे मागितलं ते तिला मिळालं होतं आणि तिला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तो गेला की गेला. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. तो कुठल्या खिडकीशी बसून बोलतो, त्याच्याकडे आत्ता ऊन आहे की अंधार पडलाय, काही काही विचारायची मुभा नव्हती, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. तिचं शेठाणीपण त्या नियमांवरच उभं होतं.

तिनं बटण दाबलं आणि आपला मोबाईल नंबर सांगितला. सगळ्या गावासमोर, एकेक आकडा सुटा करून, दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना सांगायची तशा आवाजात. मग पुन्हा एकदा सांगितला, कारण ज्या माणसाला ब्रेक वेळेवर सापडत नाही त्याला कागद-पेन कुठून सापडणार.

"अहो शेठाणी, हे काय केलंत…" अध्यक्ष कळवळून म्हणाला.

"कळतंय मला. निघते. गॅरेज मामांच्या नावावर करा."

पडदा काळा झाला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज उरला. आई दारात येऊन उभी राहिली. "अख्ख्या जगाला नंबर वाटतेस का गं?" म्हणेपर्यंत फोन वाजला. तिनं झडप घातली.

"शेठाणी," मामा बोलत होते, "तो मोठा पाना कुठे ठेवलाय?"

"मामा, फोन ठेवा आधी. लाईन मोकळी ठेवा."

"ठेवतो, ठेवतो… पोरी, देव तुझं भलं करो," म्हणून त्यांनी ठेवला.

बराच वेळ काही नाही. आई पलंगाच्या कडेला बसली, काही न विचारता. मग पुन्हा फोन. पलीकडे कोणी बोलेना, पण तो श्वास तिच्या ओळखीचा होता.

"हवालदारसाहेब?"

"वर्दी गेली हो. आता नुसता मीटर वाचणारा. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर बघतो, चालत."

"चालत का?"

"एक कबूल करायचं राहिलंय…" तो चाचरला. "मला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा धड नाही. पहिल्या दिवशी मी ती मुद्दाम आपटलीच नव्हती."

ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

"ऐका ना," शेवटी तो म्हणाला, "तुमचं नाव काय?"

महिनाभर रोज भेटून, गावासमोर पुष्कळ वर्षांची भाषा करून झाल्यावर हा प्रश्न. तिनं आईकडे पाठ केली आणि हळूच नाव सांगितलं. त्यानं ते एकदा आपल्याशीच म्हणून बघितलं. ते शाळेच्या हजेरीत, दुकानात, घरात किती वेळा हाकारलं गेलेलं नाव. पण तिला वाटलं, हे आत्ताच कोणीतरी आपल्याला ठेवलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही तो ते नाव तसंच घेतो, आधी जरासा थांबून.