सातव्या अक्षरावरचा दाणा

शुक्रवारी संध्याकाळी उदाराम पेंटर घरून निघाला तो आपली शिडी परत आणायला. बाकी त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणजे त्याच्या मनात कधीच काही नसायचं, आणि तिथेच सगळा घोटाळा होता.

सत्तरी गाठली तरी या माणसाची खोड गेली नव्हती. तिरोड्यात अशी एक भिंत नसेल जिच्यावर त्याचा ब्रश फिरला नाही, आणि असा एक माणूस नसेल ज्याची त्याने फिरकी घेतली नाही. ‘येथे थुंकू नये’ असं तहसीलच्या भिंतीवर स्वतः रंगवायचं, आणि महिनाभराने मधला ‘न’ नखाने खरवडून यायचं. मग ‘येथे थुंकू ये’ वाचून लोक थुंकायचे आणि हा समोरच्या टपरीवर बसून पोट धरून हसायचा. बायको अनुसयाबाई म्हणायची, “तुमच्या हातात देवानं ब्रश कायले देला, माकडाले देला असता तं बरं झालं असतं.” चौथीत तीनदा बसलेला माणूस, पण एका अक्षराने काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

शिडी होती चैतराम मास्तराकडे. चैतराम म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. नाव चैतराम आणि गळ्यात क्रूस. बाप मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, तिथेच घरादाराने बाप्तिस्मा घेतला. दवाखाना कधीचा बंद पडला, पण त्याच्या मागच्या दोन खोल्यांत मास्तर राहायचे. एकटेच. बायको पुष्पाबाईला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी गुंजन नागपूरला नर्स.

मास्तरांचं एक वेड होतं. एका म्हाताऱ्या मिशनरी बाईने जाताना त्यांना हिब्रू भाषेतलं जाडजूड शास्त्र दिलं होतं. मास्तर म्हणायचे, त्यात वर वर दिसतं ते एक आणि आत दडवलेलं दुसरं. पुन्हा येणार आहे तो मशीहा, तो कधी येणार, कोणाच्या दारी येणार, सगळं त्या अक्षरांत पेरून ठेवलंय. मोजायचं फक्त. दर सातवं अक्षर. म्हणून ते पान उघडायचे आणि मोजत मोजत दर सातव्या अक्षरावर धानाचा एक दाणा ठेवायचे. पान संपलं की दाण्याखालची अक्षरं वाचायची. पाच वर्षं हेच चाललं होतं.

“आन् तो आला का मंग?” उदाराम विचारायचा.

“तो आला का मेलेले उठतात,” मास्तर म्हणायचे.

त्यावर मात्र उदाराम थट्टा करत नसे. पुष्पाबाईच्या हातचा चहा त्यानेही प्यायला होता.

तर संध्याकाळी उदाराम पोचला. एप्रिल होता, समोरच्या अंगणात कोणी मोहफुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोडसर, डोकं जड करणारा वास दारापर्यंत आला होता. आत गुंजनचा फोन चालू होता. मास्तरांनी तो उदारामच्या हातात कोंबला. “घे, तुमच्या मैतराले द्या म्हणते.”

“काका,” गुंजन पलीकडून रडवेल्या आवाजात म्हणाली, “उद्या सकाळी मी गाडी घेऊन येऊन राहिली. बाबूजीच्या हृदयाच्या दोन नळ्या बंद आहेत, सोमवारची तारीख भेटली ऑपरेशनची. ते म्हणतात, पुस्तक संपल्याशिवाय येत नाही. तुमचं ऐकतात ते. कसंबी करा, पण पाठवा.”

“पाठवतो ना,” उदाराम म्हणाला. “तू ये फक्त.”

मास्तर विहिरीवर हातपाय धुवायला गेले. टेबलावर पान उघडं होतं, त्यावर दाणे मांडलेले. समोर भिंतीवर तो तक्ता: बावीस हिब्रू अक्षरं आणि प्रत्येकाखाली आपलं देवनागरी. तो तक्ता उदारामनेच रंगवून दिला होता. वाचता येत नव्हतं, पण कोणतं वळण म्हणजे ‘क’ आणि कोणतं म्हणजे ‘ल’ हे त्याच्या हाताला पाठ होतं.

आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. मास्तराला पुस्तकाचंच ऐकायचंय ना? मग पुस्तकच सांगेल!

शेवटच्या ओळीतले सगळे दाणे त्याने फुंकून टाकले. दोनच ठेवले. आधी ‘ल’वर एक, मग पुढे जाऊन ‘क’वर एक. लेक. लेकीकडे जा म्हणते रे तुझं शास्त्र! या लिपीत काना, मात्रा, वेलांटी काही लिहीतच नाहीत हे मास्तरांनीच त्याला दहादा सांगितलं होतं, तेव्हा दोन अक्षरांत काम भागलं. तो स्टुलावर साळसूद बसून राहिला.

मास्तर आले, चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं. आणि बोट उजवीकडून डावीकडे सरकू लागलं.

आपण सगळे डावीकडून लिहितो हो. जन्मभर लिहीत आलो. ते शास्त्र उजवीकडून वाचतात हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

“क...” मास्तर पुटपुटले. “ल...” आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. “कल.”

“काय कल?”

“कल गा, उदाराम! लहानपणी आमची सारी प्रार्थना हिंदीतच राहे. ज्याच्या त्याच्या भाषेत तो बोलते म्हणून लिहून आहे. कल. उद्या. उद्या येऊन राहिला तो!”

त्या घडीला तोंड उघडायला हवं होतं. ‘अरे मास्तरा, मी ठेवले ते’ एवढंच म्हणायचं होतं. पण मास्तरांचे डोळे असे भरून आले होते, आणि उदाराम असा ओशाळला होता, की तो नुसता “हं... हं...” करत उठला. शिडी तशीच राहिली.

सकाळी गुंजन आली. गाडी दारात उभी. मास्तर धुतलेला पांढरा सदरा घालून खुर्चीत बसलेले.

“आज नाही, बेटा. आज घरी कोनी येनार आहे.”

“कोण येणार आहे, बाबूजी? सोमवारची तारीख गेली तर महिनाभर भेटणार नाही!”

ती रडली, भांडली, आईची आण घातली. शेवटी तिने उदारामकडे पाहिलं. उदाराम दारात उभा होता. तेव्हाही सांगता आलं असतं. पण पोरीसमोर? आपल्या फाजीलपणापायी हे झालं म्हणून? दुपारी मास्तराला एकट्याला गाठून सांगू, त्याने ठरवलं. दुपार काही लांब नाही.

“मी समजावतो,” तो म्हणाला, आणि घरी जाऊन जेवून झोपला. हो, झोपला. नंतर तो ज्याला त्याला म्हणायचा, माणूस पाप करतो तेव्हा त्याला झोप येत नाही म्हणणारा खोटारडा आहे. मला तर छान लागली होती.

तीनला उठला. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वीज प्रकल्पाच्या चिमण्या उन्हात पातळ होऊन हलल्यासारख्या दिसत होत्या. वारा पडलेला. मोहफुलांचा वास आता आंबला होता. दवाखान्याच्या आवारात पाय टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याच चपलेचा आवाज तेवढा येतोय. कावळा नाही, चिमणी नाही, पंपाची धडधड नाही.

दार सताड उघडं होतं. गुंजन बाबूजींच्या गोळ्या आणायला आणि गावातल्या डॉक्टरला विचारायला गेली होती, असं शेजारणीने कुंपणावरून सांगितलं आणि आत जाऊन आपलं दार लावून घेतलं.

खोलीत शिरल्यावर उदाराम थबकला. आत गार होतं. पंखा बंद, खिडक्या उघड्या, आणि तरी विहिरीत उतरावं तसं गार. मोहाचा वास उंबऱ्याबाहेरच राहिला होता. आत वास होता ओल्या मातीचा... नुकत्याच खणलेल्या.

“ये,” मास्तर म्हणाले. डोळे मिटलेले. एक हात छातीवर. “कोन, उदारामच ना?”

“मीच आहो.” तो जवळ गेला. “मास्तरा... ते दाने... मीच ठेवले होते गा. लेक म्हणून ठेवले. तू गुंजनसंग जावा म्हणून. मले माफ कर. चल, आता बी गाडी उभी आहे.”

मास्तर हळूच हसले. “मी गनिताचा मास्तर आहो, लेका. रात्री पुन्हा मोजलं. एक पाचव्या अक्षरावर होता, दुसरा नवव्यावर. तवाच समजलो का हे तुहंच काम. तुले शिव्या देल्या, हसलो, आन् झोपलो.”

“मंग... मंग काऊन नाही गेला तू?”

“सकाळी उठून पाह्यलं...” मास्तरांनी डोळे उघडले आणि टेबलाकडे मान वळवली. “तिसरा होता.”

उदारामने पाहिलं. शेवटच्या ओळीत दोन दाणे होते, त्याने ठेवले होते तिथेच. आणि त्यांच्या डावीकडे तिसरा. नेमका, सरळ, जसा कोणी अलगद टेकवून ठेवावा तसा.

“मोजलं. चौदाव्यावर आहे, बरोबर सातच्या मोजणीत. मी नाही ठेवला. दार आतून बंद होतं.” मास्तर थांबून थांबून बोलत होते. “खाली ‘त’ आहे. क... ल... त. कल... तू.”

“तुह्यासाठी असन...” उदाराम कसाबसा म्हणाला.

“माही ‘कल’ तं आजच आहे गा. तू रचली, पन ती आली. हे आजचं आहे. आजचं लिहिलेलं...” मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, फार मायेने पाहिलं, आणि तेच त्याला सहन झालं नाही. “हे तुह्यासाठी आहे.”

उदारामच्या मानेवरून काहीतरी गार उतरत गेलं.

“बस ना जरासा,” मास्तर म्हणाले. “छातीत लय दुखून राहिलं. हात धर माहा. गुंजन येईपर्यंत... एवढं कर.”

“पानी आनतो,” उदाराम म्हणाला. “गुंजनले पाहून येतो. आलोच.”

आणि तो गेला. पाण्याकडे नाही, गुंजनकडे नाही. सत्तर वर्षांचा माणूस उन्हातून घरापर्यंत पळत गेला, दाराला कडी लावली आणि कोपऱ्यात बसून राहिला. अनुसयाबाईने “का झालं वं माय या मानसाले” म्हणून कितीदा विचारलं, पण तो कोपऱ्यातून हलला नाही. सव्वापाचला कोणीतरी रस्त्यावरून ओरडत गेलं, चैतराम मास्तर गेले म्हणून. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासापूर्वी कोणी उचलून आणलं असतं तर काही सांगता आलं असतं.

रविवारी दफन होतं. आज आपला दिवस, उदारामला वाटत होतं. कल तू. रात्रभर आढ्याकडे पाहून सकाळी तो अंघोळ करून, नवा शर्ट घालून, मरायच्या तयारीने कब्रस्तानात गेला. गाडी अंगावर येईल, साप निघेल, छाती फुटेल. काहीच झालं नाही. पुष्पाबाईच्या शेजारी मास्तरांना ठेवलं, पास्टरांनी हिंदीतून प्रार्थना म्हटली, लोकांनी माती लोटली आणि पांगले. उदाराम लिंबाखाली उभा राहिला. वाचलो, त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराची त्याला किळस आली. आता तरी सांगावं. पोरीच्या पायावर डोकं ठेवून सांगावं.

गुंजनच त्याच्याकडे आली. डोळे सुजलेले. तिने वाकून त्याच्या पायाला हात लावला.

“काका, तुमचे उपकार कसे फेडू?”

“गुंजन, माहं ऐक...”

“नाही, बोलू द्या मला. मी गोळ्या घेऊन परत आली तेव्हा जीव गेला होता बाबूजीचा. पण एकटे नव्हते ते. तुम्ही त्यांचा हात धरून बसले होते, पाठमोरे, तुमच्या त्या रंगाच्या डागाच्या शर्टात. मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली ना? किती गार पडले होते तुम्ही, काका. एवढ्या उन्हाळ्यात. मी शेजारी हाका मारायला गेली, येऊन पाहते तं तुम्ही निघून गेले होते.”

लिंबाची पानं हलत नव्हती.

“तुम्ही मला बाबूजीचं शेवटचं बोलणं सांगितलं होतं,” गुंजन म्हणाली. “पण मी रडत होती, नीट ध्यानात नाही राहिलं. पुन्हा सांगा ना. काय म्हणाले ते?”

सांगायची वेळ हीच होती. मी नव्हतो, पोरी. तो मी नव्हतो. उदारामने तिच्याकडे पाहिलं. बापाच्या मातीने भरलेले तिचे हात अजून पुसलेले नव्हते. एकट्याने मेला तुझा बाप, मी पळालो, हे त्याच्या तोंडून निघेना. जन्मभर मजेसाठी थापा मारणाऱ्या त्या म्हाताऱ्याने जन्मात पहिल्यांदा रडत एक थाप रचली. त्याच क्षणी रचली, कोणालाही न विचारता.

“म्हणाला...” तो म्हणाला, “पुष्पा उठली, चहा ठेवून राहिली.”

गुंजनने डोळे मिटले आणि मान हलवली.

“हो,” ती म्हणाली. “हेच. काल बी तुम्ही शब्दाला शब्द हेच सांगितलं होतं.”