मोटारीच्या पोटातल्या अक्षता

कडेगाव मागं पडून चार मैल झाले असतील-नसतील, तोच आप्पासोंची मोटार एका खड्ड्यात दणकन आदळली, दोनदा खोकली आणि मुकी झाली. मागं बसलेल्या शालूनं डोळे मिटून देवाचे आभार मानले. का नाही मानणार? सेहेचाळीस सालचा दसरा, साडेतीन मुहूर्तांतला एक! मिरजेच्या बिजवर ठेकेदाराकडं आज तिची पसंती आणि साखरपुडा एकदमच उरकायचा होता. ठेकेदार चाळिशीचा, त्याची थोरली लेक शालूच्याच वयाची. पण आप्पासोंपुढं, सख्ख्या बापापुढं, तोंड उघडायची शालूची काय बिशाद!

हँडल मारून मारून आप्पासो घामाघूम झाले. तेवढ्यात समोरनं सायकलवर एक गडी आला. खाकी कपडे, रापलेला चेहरा.

"ए गड्या! मोटारीतलं काय कळतं का रं?"

"पाच वरसं फौजेत तेच केलं. कृष्णात म्हंत्यात मला."

"मग बघ जरा. तवर मी वस्तीवरनं बैल आणतो. बैल लावून का हुईना, मिरज गाठायचीच!"

आप्पासो तरातरा निघून गेले. शालूशेजारी बसलेली मनुआत्या गाडीतच पानाचा डबा उघडून बसली. कान मात्र बाहेर.

"पेट्रोल हाय, पण ठिणगीच न्हाई," म्हणत कृष्णातनं इंजिनावरच्या काळ्या गोल झाकणाचे चाप काढले. "याला डिस्ट्रिब्यूटर म्हंत्यात. हितनं इंजिनाच्या समद्या प्लगांना ठिणगी वाटली जाती, अन्..."

तो थांबला. आत हळदकुंकू माखलेलं, आणि खड्ड्याच्या दणक्यानं सरकून ठिणगीच्या दोन टिकल्यांच्या बरोबर मधी अक्षतेचा एक दाणा अडकलेला!

"हे... कुणी वाहिलं?"

शालूचे कान तापले. "काल खंडेनवमी न्हवती का? आप्पा तेच झाकण काढून पुसत्यात... मला वाटलं, मोटारीचा जीव तितंच असंल."

"जीव तितंच हाय. पर देवाला निवद दाखवत्यात, घशात कोंबत न्हाईत!"

शालू खुदकन हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

"आकडा द्या की अंबाड्यातला."

तिनं दिला. त्यानं हलक्या हातानं तांदळाचा दाणा उचलला, रुमालानं कुंकू पुसलं. बोटं लालभडक झाली. "लय मोटारी उघडल्या, पर सवाशीण मोटार पयल्यांदाच बघितली." आकडा परत देताना त्याची नजर जरा जास्तच रेंगाळली... आणि तिनंही ती चुकवली नाही.

"झालं. आता हँडल मारलं की मिरज!"

शालूचा चेहरा खर्रकन उतरला. मग तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. ठेकेदार, त्याची लेक, साखरपुडा. "बिघडलीच ऱ्हाऊ द्या की... खोटं सांगा."

कृष्णातनं ते काळं झाकण परत उघडलं. "आज खोटं बोलीन. उद्या दुसरी गाडी मिळंल." त्यानं डिस्ट्रिब्यूटरातला एक छोटा काळा तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "ह्यो रोटर. ह्याच्याबिगार मोटार हलत न्हाई. द्यायचा का न्हाई, ते तुमी तुमच्या तोंडानं सांगा."

तिला काय हवंय, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शालूचा जीव त्याच्यावर जडला तो तिथंच.

आप्पासो बैलवाल्याला घेऊन आले. "झाली का रं?"

"झाली. एक जिन्नस तेवढा यांच्यापाशी हाय."

शालूनं रोटर मुठीत घट्ट धरला. "आप्पा, मला बिजवर नगो. ह्यो जिन्नस मी देत न्हाई. बैल लावून न्हेलंत, तर मिरजेतबी हेच बोलीन."

आप्पासो लालबुंद झाले. तोच मनुआत्यानं खिडकीतनं मुंडकं काढलं. "आप्पा, पोरगी जल्मात पयल्यांदा बोलली. आईक तिचं. मलाबी त्यो बाप्या पटला न्हवता."

आप्पासो मडगार्डावर बसले. फेटा काढला, परत घातला. शेवटी पुटपुटले, "फिरवा माघारी."

कृष्णातनं रोटरसाठी हात पुढं केला. शालूनं मूठ उघडली नाही.

"आता का?"

"गाडी चालू झाली की..." ती खाली बघत म्हणाली, "...तुमी जाणार."

बैलवाला उगाच खाकरला. कृष्णात पार गोंधळला आणि सायकल सोडून मोटारीलाच टेकला. आप्पासोंनी एकदा लेकीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

"पाव्हणं," ते सावकाश म्हणाले, "गाव कंचं तुमचं? वडलांचं नाव काय?"

"पाटण. नाथाजींचा मी."

शालूनं मूठ उघडली.