पेज ब्रेकची निळी रेघ

मुलांनो, जरा माझ्याबरोबर पिंपळगाव बसवंतला चला. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आहे, हायवेवर टेम्पोंची रांग लागली आहे. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, एक कॉम्प्युटर क्लास आहे. खिडकीतून द्राक्षांचा गोडसर वास आत येतोय. दिसला क्लास? मग आता दाराकडे बघा, कारण धापा टाकत एक तरुण आत येणार आहे.

हा वाल्मीक. मूळचा हरसूलचा, थोड्या अंतरावरच्या पॅकहाऊसमध्ये हंगामापुरता कामाला. भरलेलं ताट सांडू नये म्हणून धरावं, तसा त्यानं उघडा लॅपटॉप धरला होता.

"मॅडम, फाइल बिघडली! कडेनं सगळं करडं झालं, आकड्यांच्या मागं मोठ्ठं 'पेज वन' उमटलंय. पेट्यांवर लावायची यादी हाय ही. मालक मला द्राक्षांसोबतच पॅक करतील!"

पहिल्या रांगेतली आरोही खुदकन हसली. शिकवणाऱ्या हर्षालीलाही हसू आवरेना.

"बिघडलं काहीच नाही," ती म्हणाली, "फक्त बघायची रीत बदललीय. खाली उजव्या कोपऱ्यात तीन बारीक चित्रं आहेत ना, त्यातल्या एकावर तुमचा हात पडला. आता वर 'व्ह्यू' उघडा. हे नॉर्मल, रोजचं. हे पेज लेआउट, कागदावर जसं छापून येईल तसं. आणि तुम्ही येऊन पडलात पेज ब्रेक प्रिव्ह्यूमध्ये. ही निळी रेघ दिसते? इथं पान संपतं. धरा माउसनं, आणि ओढा."

त्यानं ओढली. दुसऱ्या पानावर पळालेला वजनाचा रकाना मुकाट पहिल्या पानावर आला. वाल्मीकनं स्क्रीन सोडून तिच्याकडे पाहिलं… आणि मग दोघांनीही घाईघाईनं दुसरीकडे.

त्यानंतर तो येतच राहिला. कधी व्ह्यू सापडायचा नाही, कधी रेघ हलायची नाही.

"काल तर जमलं होतं!" ती म्हणायची.

"काल तुम्ही शेजारी होता ना—"

हर्षाली रागावल्यासारखं करायची. पण संध्याकाळ झाली की तिचे कान जिन्याकडे लागायचे. हंगाम सरला की पॅकहाऊस बंद होणार, आणि हा हरसूलला निघून जाणार. त्याआधी काही बोलेल का?

एके दिवशी आरोही खिडकीतून ओरडली, "मॅडम, वाल्मीकदादाच्या गाडीवर मागं एक ताई बसलीय! खांद्याला धरून!"

"तुझी बेरीज झाली का?" हर्षालीनं विचारलं. आवाज जरा जास्तच चढला.

ती आशा होती, पॅकहाऊसमध्ये नुकतीच लागलेली. तिथला प्रिंटर बंद पडला होता, म्हणून दोघं इथं आले होते. वाल्मीकनं तिला कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं आणि समजावू लागला—

"घाबरू नको गं, आशा. बिघडलं काहीच नाही, फक्त बघायची रीत बदललीय."

हर्षालीच्या हातातला खडू मोडला. तिचं वाक्य! जसंच्या तसं! गाडीवर बसव, हवी तर द्राक्षं दे, पण तिचं वाक्य दुसरीला द्यायचं?

"किती सोपं करून सांगता हो तुम्ही!" आशा म्हणाली.

"हो ना," हर्षाली म्हणाली, "आमच्याकडे मात्र यांच्यानं एक रेघ हलत नव्हती."

"तेव्हा… हातच चालत नव्हता, मॅडम."

"आज बरा चालतोय. शेजार बदलला की चालतो वाटतं."

वाल्मीकचे कान लाल झाले. प्रिंट घेऊन तो खाली मानेनं निघून गेला.

"मॅडम," आरोहीनं हळूच विचारलं, "तुम्ही कुणावर रागावलात?"

"कुणावरच नाही."

"मग फळ्यावर 'आशा' का लिहिलंय?"

हर्षालीनं झटक्यात फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी वाल्मीक एकटाच आला. रिकाम्या हातानं.

"लॅपटॉप कुठंय?"

"आशाकडं. माझं काम आता ती बघणार. तेच तर शिकवत होतो. मला हायवेवरच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांनी ठेवून घेतलं, बारमाही. हरसूलला नाय जात मी."

"अभिनंदन," हर्षाली फळ्याकडे बघत म्हणाली. "तिथंही शीट बिघडेलच की."

"तिथं शीटच नाय. नुसती थंडी, आन् जाडजूड दारं." तो एक पाऊल पुढं आला. "म्हणजे इथं यायला मला आता काही निमित्त उरलं नाय. तरी बी… रोज आलो तर चालंल?"

खाली एका टेम्पोनं हॉर्न दिला. हर्षाली वळली.

"माझं वाक्य तिला का दिलंत?"

"दुसरं येतच नाय मला. तुम्ही बोललात तेवढंच पाठ हाय." तो ओशाळून हसला. "रेघ तर पहिल्याच दिवशी जमली होती."

"यापुढे माझी वाक्यं वाटत फिरायचं नाही."

"नाय फिरणार, मॅडम."

"आणि मॅडम म्हणायचं नाही."

"मग काय?"

"नाव आहे मला."

"हर्षाली…" तो इतकं हळू म्हणाला, की मागच्या रांगेतून एकदम गलका झाला, "काय? काय म्हणाला?"

आरोही मात्र जागेवरून उठली. एक रिकामी खुर्ची खरखर ओढत तिनं मॅडमच्या खुर्चीला अगदी खेटून ठेवली, वाल्मीकला बोटानं "बसा" अशी खूण केली, आणि वर्गाकडे वळून दरडावलं, "ए, सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनकडे बघायचं!"