टोकदार कोपरे

वेदू सोमवारी येणार होता, म्हणून मधुरिमाने शनिवारी सकाळीच लक्ष्मणला बोलावून घेतलं. राजेंद्र नगरातल्या त्या घराचं लाकूडकाम वर्षानुवर्षं तोच करायचा. ओट्याखालच्या कपाटांना कड्या, जिन्याला आणि मागच्या दाराला बुटकी फाटकं, खालच्या स्विचबोर्डांना झाकणं. आणि टेबल, पलंग, शोकेस यांच्या कोपऱ्यांना फोमचे पिवळे तुकडे. दुपारपर्यंत सगळं लागलं.

वेदू तिचा नातू, नऊ महिन्यांचा, नुकताच रांगायला लागलेला. तिच्या लेकीची, रुचीची, बाळंतपणाची रजा संपत आली होती. बँकेत जाताना ती लेकाला आईकडे सोडणार होती. पण तिच्या सासूबाईंनी, हातोदच्या प्रेमलताबाईंनी, अट घातली होती: आधी मागच्या अंगणातला जमिनीखालचा हौद बुजवा. त्या घरात एक लेकरू गेलंय, त्याला सोबत हवी असणार, असं त्या फोनवर म्हणाल्या, आणि म्हणताना आवाजही खाली आणला नाही.

मधुरिमाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुलूप लावते. बुजवणार नाही."

तिचा मुलगा यशू गेला तेव्हा तेरा महिन्यांचा होता. बावीस वर्षं झाली. नर्मदेचं पाणी तेव्हाही त्यांच्या गल्लीत एक दिवसाआड, संध्याकाळी साडेपाचला यायचं. त्या वेळी गल्लीतली सगळी घरं हौदाचं झाकण थोडं सरकवून ठेवायची. आत पडणाऱ्या धारेचा आवाज बदलला की हौद भरला, हे स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कळायचं. मधुरिमाही कणीक मळत तो आवाज ऐकत होती. आवाज बदलला. तिला वाटलं, आज लवकर भरला.

तेराव्यानंतर तिचा नवरा शाम सिमेंटची पोती घेऊन आला होता. तिने ती दारातूनच परत पाठवली. त्याच्यावर सिमेंट ओतायचं नाही, एवढंच म्हणाली. तेव्हापासून पाणी आलं की हौद भरेपर्यंत ती शेजारी बसून राहते. कानांवर तिचा भरवसा उरला नाही.

लक्ष्मण गेला. शामही बाजारात गेला होता. मे महिन्याची दुपार, त्यात वीज गेलेली. कूलर थांबला आणि घर एकदम गप्प झालं. मूल जिथून बघतं तिथून बघितल्याशिवाय घरातला धोका दिसत नाही, असं तिने कुठेसं वाचलं होतं. तिने पदर खोचला आणि हातागुडघ्यांवर रांगू लागली. टेबलाखालून, पलंगाच्या कडेने, शोकेसपाशी. गुडघे दुखत होते.

जिन्यापाशी आल्यावर तिला मागे आवाज आला.

थप... सर्रर. थप... सर्रर.

ती थांबली. आवाज थांबला. ती पुढे सरकली, तसा तोही सरकला. इतक्या उन्हाळ्यात कुठूनसा शेवाळलेला, गार वास येऊ लागला. यशू असाच रांगायचा. एक गुडघा टेकवायचा आणि दुसरा पाय फरशीवरून ओढत आणायचा. डॉक्टर म्हणाले होते, काही मुलं रांगतात तशी.

मागे वळून बघायचं तिचं धाडस झालं नाही. पण उठून पळायचंही नाही, हे तिने त्याच क्षणी ठरवलं. आपल्याच मुलाला भिऊन पळायचं कुठे?

"यशू..." ती हळूच म्हणाली. "मागे मागे राहू नकोस. पुढे हो... मला दिसत नाही ते दाखव."

मग तिच्या कोपराला गारवा चाटून गेला आणि तो आवाज स्वयंपाकघराकडे निघाला. ती त्याच्यामागून रांगत गेली. आवाज गॅसच्या सिलिंडरपाशी थांबला. सिलिंडरमागे फिनाइलची बाटली आडवी पडली होती, झाकण सैल. उभ्याने कधीच दिसली नसती. शेजारी फरशीवर पुरीएवढा ओला पंजा उमटलेला होता. बघता बघता तो वाळला.

रविवारी सकाळी पलंगाच्या एका कोपऱ्याचा फोम गायब झाला. दुपारी शोकेसचा, संध्याकाळी टेबलाचा. लक्ष्मण बघायला आला. कोपऱ्यावर बोट फिरवत म्हणाला, "दीदी, मेरा गोंद ऐसे नहीं छूटता. खींचते तो पॉलिश भी उखड़ती. ये तो किसी ने बड़े प्यार से निकाला है." त्याने तिन्ही कोपऱ्यांना पाकिटातले नवे तुकडे लावून दिले, पण पैसे न घेताच गेला. चहालाही थांबला नाही.

त्या रात्री शाम जेवला नाही.

"मधु, रुचीला फोन करू? नको येऊ म्हणावं..."

"करू नकोस."

"आणि खरंच त्याला सोबत हवी असेल तर?"

"तर मी आहे ना. बावीस वर्षं आहेच."

सोमवारी रुची वेदूला घेऊन आली. साडेपाचला नळाला सूं सूं सुरू झालं. हौदाच्या कुलपाची किल्ली शनिवारपासून मधुरिमाच्या गळ्यात होती, आंघोळीलाही तिने ती काढली नव्हती. तिने कुलूप काढलं. शामने झाकण उचललं आणि तो तसाच उभा राहिला.

हौदाच्या तोंडाला, आतल्या बाजूने, सिमेंटच्या टोकदार कोपऱ्यांवर फोमचे पिवळे तुकडे बसवलेले होते. तीन कोपरे. ओले, पण घट्ट. खालून दाबून बसवावेत तसे.

"मधु... किल्ली तर तुझ्याकडे..."

आत जाऊन तिने पाकिटातला उरलेला तुकडा आणला, गुडघ्यांवर बसली आणि चौथ्या कोपऱ्याशी हात आत घातला. शाम तिचा खांदा धरून मागे ओढत होता. तिने त्याचा हात झटकला आणि फोम दाबला. तेव्हा खालून, पाण्याच्या बाजूने, काहीतरी लहान आणि गार तिच्या बोटांना येऊन टेकलं आणि तिच्याबरोबर तो तुकडा दाबू लागलं.

तिने हात काढला नाही. तुकडा नीट चिकटेपर्यंत नाही.

"हे घर तुझंही आहे," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "पण वेदू माझ्याजवळ वाढणार. ऐकलंस?"

हौद भरेपर्यंत ती बसून राहिली. मग झाकण, कुलूप, आणि किल्ली पुन्हा गळ्यात.

ती वळली तेव्हा मागच्या दाराच्या फाटकाशी वेदू रांगत आला होता. रुची त्याच्यामागे हसत उभी होती. आजी दिसली की तो झेपावायचा. आज झेपावला नाही. तो तिच्या पायांशेजारी, खाली, फरशीकडे एकटक बघत होता. मग एक गुडघा टेकवून, दुसरा पाय ओढत तो थोडा बाजूला सरकला. आत येणाऱ्याला वाट करून द्यावी तसा.

"हे असं रांगायला कधी शिकला हा?" रुची म्हणाली.