सोळाचे आठ

मेमरीची नवी पट्टी आली ती कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुठ्ठ्याच्या एवढ्याशा डबीत. प्रतिमाताईंची पूजा तेव्हा आटपत आली होती. पूजा आणि पोथीचा अध्याय होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. तन्मयला तो पाठ होता, म्हणून तो देवघराच्या दाराशी उभा राहून ती डबी नुसती खुळखुळवत होता. पंचविशी उलटली तरी पोरपणा गेला नव्हता. त्यांनी डोळ्यांनीच दटावलं आणि उरलेली फुलं वाहिली.

त्यांचे यजमान गजाननराव विमा कंपनीत अधिकारी. वर्ध्याहून बदल्या होत होत जयपूरला आले आणि जवाहर नगरात रुळले. धाकटी मुलगी मैत्रेयी लग्न होऊन पुण्याला गेली. प्रतिमाताई घरी गणिताच्या शिकवण्या घेत. उरला तन्मय. शिक्षण होऊन तो घरीच बसला होता, आणि येणारा-जाणारा जो तो "बेटा क्या करता है" विचारायचा. आता कुठे बंगळुरूच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळत होतं, इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर उभी करायचं. त्याला सोळा जीबी मेमरी हवी. घरच्या मशीनला आठ होती. सोमवारी ते लोक ऑनलाइन मशीन तपासणार, त्याचा चेहरा पडताळणार आणि मगच पत्र देणार होते.

"आई, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणत त्याने मागच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरलं आणि कॉम्प्युटरचा डबा आडवा करून उघडला. जुन्या पट्टीशेजारच्या खाचेत नवी पट्टी ठेवून दाबली. दोन्ही टोकांचे चाप खट् करून मिटले. मशीन सुरू झालं. पडद्यावर आकडा आला, आठ.

"नीट बसली नसेल," प्रतिमाताई म्हणाल्या.

त्याने काढली. त्यांच्या शिकवणीच्या डब्यातला खोडरबर घेऊन पट्टीचे सोनेरी दात घासले, पुन्हा बसवली. आठ. जागा बदलल्या. आठ. जुनी काढून एकटी नवी लावली, तर तीही आठ दाखवत होती. म्हणजे तीही धडधाकट होती.

"मतलब नवी ठीक, जुनी ठीक, खाचा ठीक, आणि दोन्ही मिळून आठच. तुझ्या गणितात बसतं का हे?"

"माझ्या गणितात नाही बसत. दुकानात दाखव."

मालवीय नगरच्या बाजारात त्यांनाही वाती आणि कापूर घ्यायचा होता, म्हणून दोघं स्कूटरवर गेले. दुकानदार बंशीधरजींनी डबा उघडला, पट्टी अंगठ्यांनी दाबली. सोळा. "माताजी, आपके लड़के का हाथ हल्का है," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर प्रतिमाताईंनी त्यावरून तन्मयला पार घरापर्यंत चिडवलं.

घरी येऊन त्याने डब्यातल्या पंख्यावरची धूळ काढायला पट्टी उपसली आणि परत लावली. आठ.

प्रतिमाताईंना आता राहवेना. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे त्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या. त्यांनी त्याला हात मागे घेऊन उभं केलं आणि तो सांगेल तसं स्वतः लावलं. सोळा. मग त्याला लावायला सांगितलं. आठ. गजाननराव ऑफिसातून आले, त्यांनी बूटही न काढता लावून पाहिलं. सोळा.

"अरे, त्याला लायसन्स लागतं," गजाननराव हसले. "काय करून राहिला तू सकाळपासून?"

तन्मयने पुन्हा दाबली. बोटांची टोकं पांढरी पडली. चाप मिटल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. आठ.

"जाऊ दे ना बाबा," तो म्हणाला. "आई, तूच लाव. मी हात नाही लावत आता."

त्यांनी लावली. झाकणाचे स्क्रूही त्यांनीच पिळले.

सोमवारी त्या लोकांनी मशीन पाहून पास केलं. मग चेहऱ्याची पाळी. पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र आलं, त्यात चेहरा हुडकणारी पिवळी चौकट होती. तन्मय अगदी समोर बसला होता, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून. चौकट त्याच्यावर थांबेना. ती त्याच्या खांद्यावरून मागे गेली, दाराशी ताक घुसळत उभ्या असलेल्या प्रतिमाताईंच्या तोंडावर जाऊन बसली.

त्या पटकन बाजूला झाल्या. चौकट भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली, तिथल्या गणपतीभोवती बसली.

'कृपया कॅमेऱ्यासमोर या,' अशा अर्थाची ओळ खाली पुन्हा पुन्हा उमटत होती. तन्मय खुर्ची पुढे ओढत होता. ओढता ओढता त्याचं नाक काचेला टेकलं.

पत्र आलं नाही.

त्याच आठवड्यात त्याचा फोन त्याचं बोट घेईना. थंडी पडायला लागली की इकडे कातडी कोरडी होते, म्हणून त्यांनी त्याच्या बोटांना खोबरेल तेल चोळलं. चोळताना बोटांवरच्या रेघा त्यांनी निरखून पाहिल्या. त्या होत्या. लहानपणी अडकित्त्याने कापल्याची खूणही होती. तेल लावून उपयोग झाला नाही.

मैत्रेयीचा फोन आला तेव्हा त्यांनी तो तन्मयकडे दिला. तो बराच वेळ बोलला. मशीनचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं, हसलाही. मग त्याने फोन परत केला. मैत्रेयी म्हणत होती, "आई? अगं, फोन ठेवून कुठे गेलीस? मी कधीची हॅलो हॅलो करतेय."

"दादा बोलत होता ना तुझ्याशी."

"कोणाचा दादा?"

प्रतिमाताईंची देवावर श्रद्धा होती. भुताखेतांवर नव्हती, बाहेरच्या बाधेवर नव्हती. मुलाला काही झालं तर डॉक्टर, मशीनला काही झालं तर मेकॅनिक, असाच त्यांचा शिरस्ता. इथे कोणाला दाखवायचं ते समजत नव्हतं. तन्मय खात होता, पीत होता. ताप नव्हता, खोकला नव्हता.

तो दारात उभा असला तरी दूधवाला हरजी न थांबता परत जायला लागला. प्रतिमाताईंनी विचारलं तर म्हणाला, "दरवाज़े पे कोई था ही नहीं, माताजी."

एका संध्याकाळी गजाननराव घरात शिरताना चपलांकडे बघत थबकले.

"कोण आलंय?"

"तन्मयच्या आहेत त्या."

"हां," ते म्हणाले. "हां, तन्मय." लांबच्या नात्यातलं नाव ऐकावं तसं. जेवताना ते त्याच्याशी चांगलं बोलले, हवापाण्याचं, गाड्यांच्या गर्दीचं. भाजी त्याच्याकडे सरकवताना त्यांनी "घ्या ना" म्हटलं. तन्मयने मान खाली घालून ती वाढून घेतली. झोपायच्या आधी गजाननरावांनी दबक्या आवाजात विचारलं, "किती दिवस राहणार आहे हा?"

प्रतिमाताई मोती डुंगरीच्या गणपतीला गेल्या. गर्दीत हात जोडून उभ्या राहिल्या, पण काय मागायचं ते शब्दात धरता येईना. मुलाला मूल म्हणून राहू दे, असं कसं मागायचं? अखेर तिथेच त्यांनी एक नेम धरला. रोज सकाळी तन्मयचं तोंड बघायचं, त्याला नावाने हाक मारायची, त्याने 'ओ' दिली की मगच पाण्याचा घोट घ्यायचा.

त्यांनी तो पाळला. पोथी झाली की त्या कोरड्या तोंडाने मागच्या खोलीत जात. तो त्या मशीनपाशीच बसलेला असे. झाकण उघडून पट्टी काढ, घास, लाव. रात्री झोपत होता की नाही, देव जाणे.

"अरे, सोड ते. नोकरी दुसरी मिळेल."

"नोकरीचं नाही गं, आई. हिने एकदा माझ्या हाताने सोळा दाखवलं ना, की बाकीचं पण ठीक होईल. मला असं वाटून राहिलं."

त्यांनाही आतून तसंच वाटत होतं.

पुढे पुढे हाक मारायला वेळ लागू लागला. दारात उभं राहिलं की नाव जिभेवर यायचं नाही. आधी बारशाचा दिवस आठवावा लागे, मग आत्याबाईंनी कानात सांगितलेलं, मग कुठे नाव. तो वाट पाहत असे. एके दिवशी त्यानेच हळूच सांगितलं, "तन्मय."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड झाकून स्वयंपाकघरात आल्या.

कार्तिकी एकादशीला त्या लवकर उठल्या. काकडा झाला, पूजा झाली, अध्याय झाला. घसा फार कोरडा पडला होता. तांब्यातलं पाणी त्या घटाघटा प्यायल्या. पिऊन झाल्यावर वाटलं, कशासाठी तरी थांबायचं होतं. देवाचं तर सगळं झालं होतं. काय राहिलं ते आठवेना. पाणी मात्र गोड लागलं.

गजाननराव ऑफिसला गेल्यावर मागच्या खोलीत खुडबुड ऐकू आली. एक मुलगा कॉम्प्युटरचा डबा उघडून जमिनीवर बसला होता. यांनी दुरुस्तीला कोणाला तरी बोलावलं असणार, आणि नेहमीप्रमाणे सांगायचं विसरले.

"भैया, पानी लेंगे?" त्यांनी विचारलं.

मुलाने वर पाहिलं. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं.

"आई," तो म्हणाला.

इकडची मुलं माताजी म्हणतात, आंटीजी म्हणतात. त्यांना बरं वाटलं. "अगंबाई, मराठी आहात का तुम्ही? कुठले?"

मुलाने मान खाली घातली.

"वर्ध्याचे."

"बघा, आम्हीपण वर्ध्याचेच. इथे आपलं माणूस भेटतं कुठे?"

त्याने हातातली हिरवी पट्टी पुढे केली. "आई, एकदा तू लावून बघ ना."

हिंदीत वाढलेल्या मुलांचा तू-तुम्हीचा घोळ व्हायचाच. त्यांनी मनावर घेतलं नाही. "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही करा निवांत. उपासाची खिचडी आणते."

मुलगा पट्टी धरून तसाच बसला.

त्या खिचडीची ताटली घेऊन वळल्या, तर तो स्वयंपाकघरात आलेला. चमचा द्यायचा राहिला होता. तो त्यांच्या पाठीमागून गेला, ओट्याखालचा दुसरा खण ओढला आणि चमचा काढून घेतला.

त्यांचं मन खट्टू झालं. दुसऱ्याच्या घरात असे खण उघडायचे? आणि नेमका तोच खण?

त्याने उभ्यानेच खाल्लं, ताटली विसळून पालथी घातली.

"राहिलेलं काम साहेब घरी असताना करा," त्या शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या.

त्या दार धरून उभ्या होत्या. मग तो चपला घालून बाहेर पडला.

त्यांनी कडी लावली. कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. परत येताना त्यांचं दाराच्या जाळीतून बाहेर लक्ष गेलं.

तो गेला नव्हता. बेलच्या बटणावर बोट रोवून उभा होता. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

बेल वाजत नव्हती.

लाइट गेली असेल, त्यांना वाटलं. त्यांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता.