बेल नसलेलं यंत्र

मुलांनो, डोळे मिटा आणि एक टेबल समोर आणा. टेबलावर काळंभोर टाइपरायटर. अक्षर दाबलं की आतला हातोडा उठतो, कागदावर आपटतो आणि वरची गाडी एक घर सरकते. ओळ संपत आली की आत एक घंटी वाजते. टिंग. टाइपिंगवाले तिला बेल म्हणतात. बेल वाजली म्हणजे आता थोडीच अक्षरं मावणार. हातातला शब्द पुरा करायचा आणि नवी ओळ घ्यायची. ऐकू आली ना ती टिंग? मग आता डोळे उघडा.

रत्नागिरीत सखाराम मोहिते मास्तरांचा टाइपिंगचा क्लास होता. साल दोन हजार दोन. पोरं कॉम्प्युटरकडे वळली होती आणि पुढच्या खोलीतली यंत्रं रेक्झिनच्या टोप्या घालून गप्प बसली होती. पण जुनं यंत्र ओळखावं ते मास्तरांनीच. त्यासाठी लांज्यापासून मालगुंडपर्यंतची माणसं त्यांच्याकडे येत.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मिरकरवाड्याचा मासळीवाला अली एक यंत्र घेऊन आला. ते भिकाजी हमालाच्या डोक्यावर होतं. जांभ्याच्या पायऱ्या चढताना भिकाजीची मान आखडली.

"मास्तर, ह्याच्यात माणूस बसलाय की काय?"

आतून प्रभावतीबाई हात पुसत आल्या. "अहो, घरभर लोखंडी सवती आहेत. आणखी एक आणलीत?"

"सवत नाही गं, पाहुणी आहे. नाव तेवढं सांगायचंय."

अली मात्र हसला नाही. "चाचाचं आहे. चाचा गेले. घरची म्हणतात घरात नको. ह्याचं नाव-गाव कळलं तर बरं, मास्तर."

मास्तरांच्या घरात नव्या यंत्राला हार घालत नसत, उदबत्तीही ओवाळत नसत. घरात असेल त्या प्रत्येकानं आपल्या नावाचं पहिलं अक्षर टाइप करायचं, हीच रीत. मास्तरांनी एस दाबला. दहा वर्षांच्या तेजलनं, त्यांच्या नातीनं, टी दाबला. अलीनं हात खिशात घातले आणि नको म्हणाला. प्रभावतीबाई पुन्हा आत बांगड्यांच्या कालवणाला लागल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "माझं मागनं." भिकाजीला अक्षर येत नव्हतं. तेजलनं त्याचं बोट धरून बी वर नेलं.

टिंग.

"वाजली बघ तुझ्यासाठी!" मास्तर म्हणाले. भिकाजी लाजून हसला.

दुसऱ्या दिवशी तेजल शाळेतून आल्यावर मास्तरांनी तिला यंत्रासमोर उभं केलं. नावाची पट्टी कुणीतरी उपटली होती. "नाव नसलं म्हणून काय झालं? पाठमोरा माणूस चालण्यावरून ओळखतेस ना? तसंच हे. बघ, काय वेगळं दिसतं?"

"गाडी मागं न्यायचा दांडा उजवीकडं आहे. आपल्या यंत्रांचा डावीकडं असतो."

"छान. आणखी?"

"हातोडे रुळाच्या खाली आहेत. खालनं वर मारतात."

"म्हणून टाइप केलेलं लगेच दिसत नाही. ओळ लिहिली जाते, लिहिणाऱ्याला कळत नाही. गाडी उचलून बघावं लागतं. शंभर वर्षांपूर्वीचं काम. बरं, ही कळ कसली?"

"मार्जिन रिलीज. ओळ अडली आणि शब्द राहिला, तर ही दाबून धरायची."

"मग ओळ कितीही वाढते?"

"नाही. गाडी जिच्यावरून सरकते ती दांडीच शेवटी संपते."

मास्तर खूष झाले. आता राहिली होती बेल. प्रत्येक कंपनीच्या बेलची वाटी निराळी. ती पाहिली की नाव सांगता येई. त्यांनी यंत्र आडवं केलं आणि बॅटरी मारली. तेलकट धूळ, खाऱ्या हवेनं चढलेला गंज. त्यांनी मागची पट्टी काढली. बाजूची काढली.

बेल नव्हती. तिची वाटी नव्हती, हातोडी नव्हती. ती बसवायला भोकसुद्धा पाडलेलं नव्हतं.

"आजोबा," तेजल म्हणाली, "मग काल वाजलं ते काय?"

मास्तरांनी यंत्र हळूच सरळ केलं. मुलानं विचारलेलं आपल्याला येत नसलं तर तसं सांगायचं, हा त्यांचा नेम. "मला ठाऊक नाही, बाळा," ते म्हणाले.

तेवढ्यात आतल्या खोलीतला फोन वाजला. अली होता. मागं धक्क्यावरची ओरड ऐकू येत होती.

"मास्तर, आपला भिकाजी गेला. बर्फाची लादी उचलता उचलता खाली बसला, तो बसलाच."

अली थांबला नाही.

"काल त्याच्या अक्षराला वाजली ना? चाचा रोज टाइप करायचे, कधी वाजली नाही. शेवटच्या दिवशी वाजली. मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं. नाव कळलं की भीती जाईल. मास्तर, वहिनींना यंत्राला हात लावू देऊ नका."

पुढच्या खोलीतून प्रभावतीबाईंचा आवाज आला. "माझं राहिलंच होतं की गं काल! पी कुठाय, दाखव."

"प्रभा!" मास्तर ओरडले.

टिंग.

ते दारात आले तेव्हा प्रभावतीबाई खुर्चीत बसत होत्या. "दचकवलंत की! चक्कर आल्यासारखं झालं," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, ओठ मात्र पांढरे पडत होते.

मास्तरांनी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे नुसती घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. शेजारच्या गंगारामला हाक मारली. तो रिक्षा आणायला धावला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. आयुष्यभर त्यांनी पोरांना शिकवलं होतं, बेलनंतर थोडीच अक्षरं. प्रभावतीबाईंचा हात त्यांच्या हातात गार होत होता.

यंत्रात खट् झालं.

कुणी हात लावला नव्हता. गाडी एक घर सरकली होती.

खट्.

प्रभावतीबाईंनी श्वास घेतला. बऱ्याच वेळानं पुढचा घेतला.

खट्.

गाडी मार्जिनला येऊन टेकली आणि थांबली. प्रभावतीबाईंची छातीही थांबली.

"आजोबा, शब्द राहिलाय," तेजल म्हणाली.

मास्तरांना ते कळायच्या आत ती टेबलाशी पोचली होती. तिनं मार्जिन रिलीज दाबली आणि दाबून धरली.

खट्.

प्रभावतीबाईंनी मोठ्यानं श्वास ओढला. डोळे उघडले. "पाणी," त्या म्हणाल्या.

मास्तर नातीकडे बघत राहिले. गाडी सरकतच होती, सावकाश, घराघरानं. तिच्यापुढं दांडी किती उरलीय, ते त्यांना दिसत होतं. तेजललाही दिसत होतं.

"तेजल, बाळा, सोड ते. इकडं ये."

तिनं मान हलवली.

टिंग.

आत्ता पी कुणी दाबला नव्हता. कुठलंच अक्षर कुणी दाबलं नव्हतं. यंत्रावर बोट होतं ते एकट्या तेजलचंच.

तेजलनं बेल ऐकली. आजीकडे एकदा पाहिलं, आणि दुसऱ्या हाताचं बोटही त्याच कळीवर ठेवलं.